आजीव सदस्यांचा हिशोब

टिळक-आगरकर वाद म्हटलं की आपल्याला 'आधी राजकीय की आधी सामाजिक' एवढंच आठवतं. शाळेच्या पुस्तकात तेवढंच असायचं. पण टिळक ज्या भांडणातून डेक्कन एज्युकेशन सोसायटीबाहेर पडले, त्यात आजच्या कुठल्याही एनजीओवाल्याला ओळखीचा वाटेल असा एक प्रश्न होता: संस्था चालवणाऱ्या माणसाच्या वेळेवर हक्क कुणाचा?

थोडी पार्श्वभूमी. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळक आणि नामजोशींसोबत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. आगरकर पुढच्या वर्षी आले. १८८४ साली सोसायटी झाली, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज.

आता यातली गंमत बघा. इथे शिकवणारेच कारभारी होते! आजीव सदस्यांनी वीसेक वर्षं द्यायची, महिना ७५ रुपयांच्या आसपास घ्यायचे आणि रोजचा कारभार आपल्याच मंडळानं बघायचा. वर देखरेखीला बाहेरच्या प्रतिष्ठित लोकांचं कौन्सिल, त्याचे पहिले अध्यक्ष सर विल्यम वेडरबर्न. म्हणजे अधिकार काम करणाऱ्यांकडे, आणि पैशावर नजर ठेवायला बाहेरची माणसं. कागदावर तरी झकास रचना.

पण पैशाचा हिशोब मागता येतो, वेळेचा कसा मागणार? सगळे बरोबरीचे, सगळे मित्र, आणि सगळ्यांनी त्याग केलेला. टिळकांचं म्हणणं, आजीव सदस्यानं सगळा वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेर कमाई करू नये. बाकीच्या बऱ्याच जणांचं म्हणणं, एवढ्या पगारात संसार कसा चालवायचा? नेमून दिलेलं काम चोख केलं, मग उरलेला वेळ आमचा. एका तत्त्वाचे दोन अर्थ, आणि कुठला खरा हे ठरवणारा कुणी नाही. बरं, टिळकांचा स्वतःचा वेळ 'केसरी'त जात नव्हता का, असंही कुणी विचारू शकतं. ते चुकीचं नाही.

१८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं. तेव्हा ते २४ वर्षांचे होते. टिळकांनी हरकत घेतली, प्रकरण चिघळलं आणि त्याच वर्षी लांबलचक पत्र लिहून ते संस्थेतून बाहेर पडले. आपणच उभ्या केलेल्या संस्थेतून.

मला यापुढचा भाग जास्त आवडतो. १९०५ साली त्याच गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला. सदस्यांना ज्या शपथा घ्यायला लागत, त्यातली एक अशी की संस्था देईल त्यात भागवीन, स्वतःसाठी पैसे कमावण्यात शक्ती घालवणार नाही. म्हणजे जवळजवळ टिळकांचंच म्हणणं! फरक एवढाच की इथे ते आत येण्याआधी, स्पष्ट शब्दांत, प्रत्येकाकडून वदवून घेतलं होतं. ज्याला पटत नाही त्यानं येऊच नये.

आपल्याकडचा कायदाही यात फारसा मदतीला येत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानं धर्मादाय आयुक्तांकडे तपासलेले हिशोब द्यावे लागतात. पण तो हिशोब रुपयांचा. कार्यकर्त्यानं काय कबूल केलं होतं आणि काय दिलं, हे कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

आमच्या धंद्यात कुणाला सर्व्हरचे अधिकार दिले की त्यानं काय केलं याची नोंदही आपोआप राहते. नोंद ठेवणं म्हणजे अविश्वास असं कुणी मानत नाही. स्वयंसेवी कामात मात्र 'तो फुकट येतो, त्याला कसं विचारणार?' हे वाक्य हमखास ऐकू येतं. मी शनिवारी ज्या छोट्या संस्थेत जातो तिथेही ऐकतो. माझं मत उलट आहे. फुकट येणाऱ्यालाच पहिल्या दिवशी विचारावं: किती तास देणार, कशाचा निर्णय तुझा, आणि कुणाला सांगणार? दोन ओळी लिहून ठेवाव्यात. टिळक-आगरकरांसारख्या दोस्तांना ज्याची गरज पडली, त्याची आपल्याला पडणार नाही असं समजायचं काही कारण नाही.