कोंबड्यांची पीसगळ व त्वचादाह

कोंबड्यांची पीसगळ व त्वचादाह : परसात पाळलेल्या कोंबड्यांची पिसे गळणे, तुटणे किंवा उपटली जाणे आणि त्याखालची कातडी लाल होणे, खाजणे वा सोलवटणे, अशा लक्षणांचा समूह. हा एक रोग नाही. नैसर्गिक पीसबदल, बाह्य परजीवी, खुराड्यातील टोचाटोची, नराची नखे आणि निकस आहार ही त्याची नेहमीची कारणे होत. पिसे नेमकी कुठली गेली आणि तिथली कातडी कशी आहे, एवढे नीट पाहिले तरी बहुतेक वेळा कारणाचा माग लागतो.

पीसबदल : वयाच्या साधारण दीड वर्षापासून कोंबडी दरवर्षी जुनी पिसे टाकून नवी धरते. दिवस लहान होऊ लागले की, म्हणजे महाराष्ट्रात पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत, ही गळ दिसते. ती डोके व मानेपासून सुरू होऊन छाती, पाठ, पंख आणि शेपटीकडे सरकते. अंडी कमी होतात किंवा थांबतात. पिसारा पुन्हा भरायला सुमारे २ ते ३ महिने लागतात. कातडी मात्र निरोगी असते आणि तीतून नव्या पिसांचे टोकदार कोंब वर आलेले दिसतात. या कोंबांत रक्त खेळत असते, दाबले की दुखतात. म्हणून या दिवसांत कोंबडीला विनाकारण धरू नये. खुडूक कोंबडीच्या छातीचीही पिसे जातात, त्यामुळे तिच्या अंगाची ऊब थेट अंड्यांना मिळते. या दोन्ही अवस्थांत औषध लागत नाही. उघड्या मानेच्या जातीत मानेवर पिसे नसणे आनुवंशिक असते, तो रोग नव्हे.

बाह्य परजीवी : उवा सारे आयुष्य कोंबडीच्या अंगावर काढतात आणि पिसे व कातडीचा कोंडा खातात. गुदद्वाराखालची पिसे फाकवली की पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरट, घट्ट गठ्ठे दिसतात आणि उजेड पडताच पिवळट उवा पळू लागतात. लाल माइट, शास्त्रीय नाव डर्मानिसस गॅलिनी, याची रीत वेगळी आहे. तो दिवसा बसायच्या दांड्याखाली व फळ्यांच्या फटींत दडतो आणि रात्री रक्त पितो. त्यामुळे दिवसा कोंबडी तपासून काहीच सापडत नाही; रात्री बॅटरी घेऊन दांड्याखालून पांढरे फडके फिरवावे, त्यावर रक्ताचे डाग उमटले तर माइट आहेत असे समजावे. तुरा फिका पडणे आणि कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला नाखूश असणे याही खुणा आहेत. उष्ण हवेत माइटची पिढी सुमारे आठवड्यात तयार होते आणि रक्ताविना तो कित्येक महिने तग धरतो. तो माणसालाही चावतो. कोंबड्यांचे गोचीडही असेच फटींत राहतात. ते रक्त पितात आणि स्पायरोकीटजन्य ताप पसरवतात. पायांवरचे खवले उचकटून जाड, खडबडीत झाले असतील, तर तिथे खवल्यांखाली पोखरणारे माइट असतात.

इतर कारणे : नर वारंवार चढल्याने पाठीची व डोक्यामागची पिसे तुटतात, कधी नखांनी कातडी फाटते. एका नरामागे ८ ते १० माद्या असाव्यात. दाटी, प्रखर उजेड, चरायला जागा नसणे यांमुळे कोंबड्या एकमेकींना टोचतात; शेपटीच्या बुडाशी रक्त दिसले की इतर कोंबड्याही तिथेच चोच मारतात. अशी कोंबडी लगेच वेगळी करावी. पीस जवळजवळ ९० टक्के प्रथिनांचे असते. नुसत्या तांदळाच्या कण्या किंवा ज्वारीवर ते उभे राहत नाही. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने हवीत. शेंगदाण्याची पेंड, सुकट आणि उकिरड्यावरचे किडे ही उणीव भरून काढतात. तुऱ्यावर व डोळ्यांभोवती फोड आले तर ती देवी असू शकते. हा विषाणूजन्य रोग डास पसरवतात. परजीवींवरचे औषध त्यावर चालत नाही.

उपाय : परजीवी असतील तर कोंबडीबरोबर खुराड्यावरही उपचार झालाच पाहिजे; नाहीतर फटींतले माइट पुन्हा अंगावर चढतात. जुना भुसा जाळावा, दांडे काढून फटी खरवडाव्यात, भिंतींना चुना द्यावा. कोरडी माती व चाळलेली राख यांचा खड्डा पावसापासून आडोशाला ठेवावा. कोंबड्या त्यात लोळून स्वतःला साफ ठेवतात. कीटकनाशक पशुवैद्यकाने सांगितलेलेच, त्याच मात्रेत वापरावे. बहुतेक औषधांनी परजीवींची अंडी मरत नाहीत, म्हणून साधारण ७ ते १० दिवसांनी उपचार पुन्हा करावा लागतो. औषधानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत, हेही विचारून घ्यावे. पायांच्या खवल्यांवर खोबरेल किंवा व्हॅसलिन रोज चोळावे. रॉकेलने कातडी भाजते. ते लावू नये. घरगुती उपाय म्हणून वापरली जाणारी सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास पक्ष्याला व माणसालाही गंभीर इजा होते, म्हणून तीही टाळावी.

कातडीला जखम असेल, तुरा पांढरट पडला असेल, कोंबडी खाणे सोडून एका जागी गप्प बसली असेल किंवा एकाच वेळी अनेक कोंबड्यांना त्रास सुरू झाला असेल, तर वाट न पाहता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.