नगरपरिषदेची सभा चालते कशी? अजेंड्यापासून ठरावापर्यंत

नाशिक जिल्ह्यातील मनमाड, येवला, सिन्नर, नांदगाव, सटाणा, चांदवड, भगूर, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, ओझर आणि पिंपळगाव बसवंत या ११ नगरपरिषदांसाठी डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं आणि २१ डिसेंबरला मतमोजणी झाली. त्याआधी मनमाड, येवला, सिन्नरसारख्या शहरांत सुमारे चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. या काळात ठराव होत होते, पण त्यावर सभागृहात बोलायला कुणीच नव्हतं. सभेचे सगळे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे होते. आता पुन्हा सभागृह भरू लागलं आहे, तेव्हा ही सभा नेमकी चालते कशी, तिच्यात काय ठरतं, काय ठरू शकत नाही आणि सामान्य नागरिकाला तिथं काय करता येतं, याची ही माहिती.

ग्रामसभा नव्हे, सर्वसाधारण सभा

ओझर आणि पिंपळगाव बसवंत या काल-परवापर्यंत मोठ्या ग्रामपंचायती होत्या. तिथल्या लोकांना ग्रामसभेची सवय आहे. वर्षातून किमान चार वेळा ग्रामसभा भरते, गावातला कोणताही मतदार उठून सरपंचाला प्रश्न विचारू शकतो. नगरपरिषद झाली की हे बदलतं. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत बोलण्याचा आणि मत देण्याचा अधिकार निवडून आलेल्या सदस्यांचा. नागरिक सभा बघायला बसू शकतो, मात्र चर्चेत भाग घेऊ शकत नाही. म्हणजे रस्त्याचा, गटारीचा, नळाचा प्रश्न सभागृहात जायचा तर तो प्रभागाच्या नगरसेवकामार्फतच जातो. ग्रामपंचायतीतून नगरपरिषदेत आलेल्या गावांना सर्वांत आधी जाणवणारा फरक हाच.

कायदा कोणता?

राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' या कायद्याखाली चालतात. लोकसंख्येनुसार नगरपरिषदांचे तीन वर्ग आहेत. एक लाखाहून अधिक लोकसंख्या असेल तर अ वर्ग, ४० हजार ते एक लाख असेल तर ब वर्ग आणि त्याखाली क वर्ग. २०११ च्या जनगणनेनुसार मनमाड, सिन्नर आणि येवला ही ४० हजारांच्या वरची शहरं. त्र्यंबकेश्वर, भगूर ही लहान. निफाड, दिंडोरी, कळवण, देवळा, पेठ, सुरगाणा इथं नगरपंचायती आहेत. सभेची मूळ पद्धत मात्र सगळीकडे सारखीच.

१९९३ साली लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनेत स्थान मिळालं. बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिलेले आहेत. त्यात नगररचना, रस्ते व पूल, पाणीपुरवठा, स्वच्छता, दिवाबत्ती, दफनभूमी व स्मशानभूमी असे रोजच्या जगण्याचे विषय येतात.

सभा किती दिवसांनी?

लोक 'मासिक सभा' म्हणतात, तो शब्द ग्रामपंचायतीतून आलेला. नगरपरिषद कायद्याच्या कलम ८१ नुसार दोन सर्वसाधारण सभांमध्ये दोन महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. दर महिन्याला घेतली तर हरकत नाही. सभा बोलावण्याची जबाबदारी नगराध्यक्षांची. त्यांनी वेळेत बोलावली नाही तर मुख्याधिकाऱ्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं.

सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी, तर विशेष सभेची पूर्ण तीन दिवस आधी सदस्यांना द्यावी लागते. नोटिशीत तारीख, वेळ, जागा आणि विषयांची यादी असते. हीच ती विषयपत्रिका, बोलीत 'अजेंडा'. तो नगरपरिषद कार्यालयाच्या फलकावरही लावायचा असतो. आपल्या गल्लीचा विषय येणार आहे की नाही हे नागरिकाला सभेआधी कळण्याची जागा म्हणजे हा फलक. सभा होऊन गेल्यावर आरडाओरड करण्यापेक्षा सात दिवस आधी फलक वाचून नगरसेवकाला गाठणं केव्हाही चांगलं.

सभागृहात कोण कोण?

नगराध्यक्ष हे सभेचे पीठासीन अधिकारी. ते नसतील तर उपाध्यक्ष. नगराध्यक्ष थेट जनतेतून की नगरसेवकांमधून, यावर राज्यात बरेच फेरबदल झाले. २०१६ साली थेट निवडणूक आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा थेट निवड आणली गेली. थेट निवडणुकीत एक पेच हमखास उभा राहतो. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्या पक्षाचं. सभा बोलावणं आणि चालवणं नगराध्यक्षांच्या हातात, पण ठराव होतो बहुमताने. दोन्हीकडे ताणून धरलं तर कामं रखडतात, आणि भुर्दंड बसतो तो शहराला.

स्वीकृत सदस्य चर्चेत भाग घेऊ शकतात, मात्र त्यांना मतदानाचा अधिकार नाही. ही तरतूद घटनेतच आहे. मुख्याधिकारी हे राज्य शासनाचे अधिकारी. ते माहिती देतात, कायदेशीर बाजू मांडतात, ठरावाची अंमलबजावणी करतात. त्यांनाही मत नसतं. पक्षाच्या गटनेत्याचा व्हीप डावलून मत देणाऱ्या सदस्यावर १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याखाली अपात्रतेची कारवाई होऊ शकते. म्हणूनच खासगीत 'तुमचं बरोबर आहे' म्हणणारा नगरसेवक सभागृहात हात वर करताना गप्प दिसतो.

सभेचा क्रम

सुरुवातीला गणपूर्ती, म्हणजे कोरम, पाहिला जातो. पुरेसे सदस्य नसतील तर सभा तहकूब. त्यानंतर बहुतेक ठिकाणी पहिला विषय ठरलेला असतो, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय अनेकांना कंटाळवाणा वाटतो, 'वाचलं समजा' म्हणून पुढं जातात. वास्तविक जाणत्या सदस्याचं सगळं लक्ष इथंच असतं. मागच्या सभेत झालेल्या चर्चेपेक्षा ठरावाचे शब्द वेगळे लिहिले गेले असतील, तर ते दुरुस्त करण्याची हीच वेळ. एकदा इतिवृत्त कायम झालं की कागदावर जे आहे तेच खरं.

पुढे एकेक विषय वाचला जातो. प्रशासनाची टिपणी, सदस्यांची चर्चा, मग ठराव. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात. एकमत असेल तर 'सर्वानुमते मंजूर'. नसेल तर मतदान. समसमान मतं पडली तर पीठासीन अधिकाऱ्याचं निर्णायक मत. विरोध असलेल्या सदस्याने नुसता गोंधळ घालून उपयोग नसतो. आपलं मत नावानिशी इतिवृत्तात नोंदवून घ्यावं लागतं. गदारोळात 'मंजूर, मंजूर' म्हणत वीस विषय पाच मिनिटांत संपले, तर विरोधकांचा विरोध दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दिसतो, ठरावाच्या वहीत दिसत नाही.

ज्या कंत्राटात किंवा व्यवहारात सदस्याचा स्वतःचा आर्थिक संबंध आहे, त्यापासून त्याने दूर राहायचं असतं. कायद्यात त्यासाठी अपात्रतेची तरतूद आहे.

ऐनवेळचे विषय

सभेतली सर्वांत जास्त खडाजंगी बहुतेक वेळा शेवटच्या ओळीवर होते, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. नोटीस सात दिवस आधी देण्याचा हेतूच मुळी हा की सदस्यांनी अभ्यास करून यावं. नोटिशीत नसलेला विषय शेवटी घुसवला, तर ना सदस्यांना टिपणी मिळालेली असते, ना नागरिकांना पत्ता असतो. पाइपलाइन फुटली, साथ पसरली अशा तातडीच्या गोष्टी समजण्यासारख्या. पण गाळ्यांची मुदतवाढ, जागा भाड्याने देणं, ठेक्याला वाढ असे पैशाचे विषय ऐनवेळी येत असतील, तर सदस्यांनी ते पुढच्या सभेत घ्यायला सांगितलं पाहिजे.

सभेत वाद कशावर?

पाणी, घरपट्टी, गाळे, कचरा, रस्ते, मोकाट जनावरं आणि कुत्री, अतिक्रमण. विषयांची यादी कोणत्याही शहराची घ्या, थोड्याफार फरकाने हीच.

घरपट्टीचा वाद चतुर्थ वार्षिक कर आकारणीच्या वेळी पेटतो. दर चार वर्षांनी मालमत्तांची फेरआकारणी होते, नोटिसा जातात, हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते. सभागृहात करवाढीला विरोध करणं सोपं असतं, कारण मतं तिथं आहेत. मात्र जकात १९९९ मध्ये बंद झाल्यापासून नगरपरिषदांचा मोठा भार शासनाच्या सहायक अनुदानावर आहे. स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजार फी आणि विकास शुल्क एवढंच. वसुली झाली नाही तर योजनेतला स्वहिस्सा भरायला पैसा राहत नाही. वित्त आयोग, नगरोत्थान, अमृत २.० अशा योजनांचा निधी त्या-त्या कामांपुरता बांधलेला असतो. सभेने ठरवलं म्हणून तो दुसरीकडे वळवता येत नाही.

कर आणि खर्चाचा खरा हिशेब अर्थसंकल्पाच्या विशेष सभेत होतो. ती साधारण फेब्रुवारीत असते. वर्षभर 'आमच्या प्रभागाला निधी नाही' म्हणणाऱ्या सदस्याने या सभेत काय मागितलं, ते इतिवृत्तात बघावं.

मनमाडचं पाणी : सभेच्या अधिकाराची हद्द

सभा काय करू शकते आणि काय नाही, हे मनमाडच्या पाण्यावरून चांगलं कळतं. रेल्वेचं मोठं जंक्शन असलेलं हे शहर वर्षानुवर्षं टंचाई सोसत आलं आहे. कडक उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी नळाला पाणी, हे इथल्या घराघरांनी पाहिलं आहे. टाक्या, ड्रम, हंडे भरून ठेवायचे आणि पुढच्या तारखेची वाट बघायची. शहराचा आधार वागदर्डी धरण. पाऊस कमी झाला की भिस्त पालखेड डाव्या कालव्याच्या आवर्तनावर. कालव्याचं पाणी येवला तालुक्यातल्या पाटोदा इथल्या साठवण तलावात घ्यायचं आणि तिथून उचलायचं.

आता आवर्तन कधी सोडायचं, किती सोडायचं, हे नगरपरिषदेची सभा ठरवत नाही. ते पाटबंधारे खात्याकडे आणि कालवा सल्लागार समितीकडे. त्याच कालव्यावर येवला शहर आहे, वाटेतली गावं आहेत, शेतकऱ्यांची पिकं आहेत. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिलं प्राधान्य आहे, पण प्रत्यक्ष पाणी टेलपर्यंत पोचेतो मध्ये काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मग सभेच्या हातात काय उरतं? बरंच काही. आवर्तनाची मागणी वेळेत नोंदवणं, पाणीपट्टीची थकबाकी राहू न देणं, गळती शोधून थांबवणं, पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त ठेवणं, कोणत्या भागाला कधी पाणी याचं वेळापत्रक ठरवणं आणि ते पाळणं. दिंडोरी तालुक्यातल्या करंजवण धरणातून मनमाडसाठी थेट जलवाहिनीची योजना हाती घेण्यात आली, ती याच जुन्या दुखण्यावर. पण धरणाचं पाणी शहराच्या वेशीपर्यंत आणणं वेगळं आणि प्रत्येक गल्लीत सारख्या दाबाने पोचवणं वेगळं. अंतर्गत वाहिन्या, जलकुंभ, नळजोडण्या, दर हे सगळे विषय शेवटी सभागृहातच येतात. तिथं एका प्रभागाला दोन तास आणि दुसऱ्याला अर्धा तास असा ठराव न करताही कारभार चालू शकतो. तो थांबवायचा तर सदस्याला वेळापत्रक लेखी मागावं लागतं.

ठराव झाला, पुढे काय?

ठराव मंजूर म्हणजे काम झालं, असा अनेकांचा समज असतो. विकासकामाला ठरावानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश एवढे टप्पे असतात. 'ठराव होऊन वर्ष झालं' ही तक्रार म्हणूनच सर्रास ऐकू येते. अशा वेळी नगरसेवकाला 'काम कधी?' एवढंच न विचारता 'काम कोणत्या टप्प्यावर अडलं?' हे विचारावं.

ठराव बेकायदा किंवा लोकहिताला बाधक वाटला तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. सदस्य किंवा नागरिक त्यासाठी लेखी तक्रार करू शकतात. वादग्रस्त ठरावांबाबत '३०८ दाखल केलं' असं कानावर येतं, ते याबद्दल.

नागरिकांना काय करता येईल?

सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असते. एखादा विषय बंद दाराआड घेण्याची गरज पीठासीन अधिकाऱ्याला वाटली तरच अपवाद. जागेअभावी गर्दी करता येत नाही, पण प्रभागातल्या दोघा-चौघांनी शांतपणे बसून सभा ऐकली, तरी सदस्यांच्या बोलण्यात फरक पडतो.

अजेंडा फलकावर वाचावा. प्रभागाची मागणी नगरसेवकाकडे तोंडी न देता लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तीच प्रत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक विभागात द्यावी. सभेनंतर इतिवृत्ताची प्रत मागावी. मिळाली नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्जात 'सगळी माहिती द्या' असं न लिहिता सभेची तारीख आणि विषय क्रमांक लिहावा, म्हणजे टाळाटाळीला जागा राहत नाही.

आपल्या नगरसेवकाने किती सभांना हजेरी लावली, कोणत्या विषयावर तो बोलला, कुठे विरोध नोंदवला आणि कुठे गप्प बसला, हे सगळं त्या वहीत असतं. पाच वर्षांनी तो पुन्हा दारात येईल, तेव्हा ही वही वाचलेली असावी.