क्रोन यांना अरबी येत होतं का?

लिटरेचर रिव्ह्यू करताना कधी ना कधी तुम्हाला असं परीक्षण भेटतंच, ज्यात एक मोठा प्राध्यापक दुसऱ्या मोठ्या अभ्यासकाबद्दल म्हणतो की यांना हा विषयच कळत नाही. मग आपण कोणाचं ऐकायचं? इस्लामच्या इतिहासातलं एक गाजलेलं भांडण घेऊन बघू.

१९८७ मध्ये पॅट्रिशिया क्रोन यांचं मक्केच्या व्यापारावरचं पुस्तक आलं. तोवरची रूढ समजूत अशी होती, की मक्का हे धूप-मसाल्यांच्या व्यापाराचं मोठं केंद्र होतं; त्या पैशाने तिथला समाज ढवळून निघाला आणि त्या वातावरणात इस्लाम उभा राहिला. मॉन्टगोमेरी वॉट यांचं १९५३ चं प्रेषितांच्या मक्केतल्या काळावरचं पुस्तक याच पायावर उभं आहे.

क्रोन यांनी साधे प्रश्न विचारले. धूप जर समुद्रमार्गे जात होता, तर उंटांचे तांडे मक्केत येतील कशाला? जवळ हिरवंगार ताइफ सोडून ओसाड दरीत उतरतील कशाला? आणि केंद्र एवढं मोठं होतं, तर ग्रीक-लॅटिन लेखक त्याबद्दल गप्प का? त्यांच्या मते मक्केचे व्यापारी कातडी, कापड असा साधाच माल विकत होते.

१९९० मध्ये आर. बी. सार्जंट यांनी या पुस्तकाचं अतिशय कडक परीक्षण केलं. सार्जंट केंब्रिजचे अरबीचे माजी प्राध्यापक, दक्षिण अरबस्तानात प्रत्यक्ष राहून काम केलेले. त्यांचे मुख्य आरोप तीन: क्रोन यांनी अरबी मजकूर चुकीचा वाचला, अरबस्तानची समाजरचना त्यांना समजली नाही, आणि इतरांचं लेखन त्यांनी सोयीप्रमाणे वाकवलं. क्रोन यांची पीएच.डी. लंडनच्या सोआसची होती. म्हणजे शंका पदवीवर नव्हती, कुवतीवर होती. १९९२ मध्ये क्रोन यांनी तितकंच खरमरीत उत्तर छापलं.

आता हे तीन आरोप सुटे करून बघा. पहिला तपासता येतो: मूळ उतारा काढा, कोश उघडा, अर्थ लावा. तिसराही तपासता येतो: ज्या पुस्तकाचा हवाला दिलाय त्याचं ते पान उघडा. दुसरा मात्र अर्थनिर्णयाचा आहे. तिथे दोन जाणकार प्रामाणिकपणे वेगळं बोलू शकतात. सार्जंट यांचा अनुभव तिथे वजनदार आहे, पण अनुभव म्हणजे पुरावा नव्हे.

गोष्ट इथे संपत नाही. २००७ मध्ये क्रोन स्वतःच या विषयाकडे परतल्या. रोमन सैन्याला तंबू, खोगीर, ढाली यांसाठी प्रचंड चामडं लागायचं. मग मक्केची कातडी तिकडे जात असतील तर? तसं असेल, तर हा व्यापार वाटतो तितका किरकोळ राहत नाही. त्यांनी हे सिद्ध झालं असं म्हटलं नाही, शक्यता म्हणून मांडलं. आपलंच जुनं चित्र त्यांनी नव्या पुराव्यासमोर ठेवून पुन्हा तपासलं.

धर्माच्या इतिहासात "यांना अधिकार काय?" हा प्रश्न फार लवकर येतो, आणि बऱ्याचदा समोरच्याला गप्प करायलाच येतो. अधिकाराबद्दल विचारू नये असं नाही. मूळ भाषा न येता मूळ साधनांवर लिहिणाऱ्याला ते विचारायलाच हवं. पण विचारताना चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे ते दाखवा. तुमच्या प्रबंधात "अमुक लेखक अविश्वसनीय आहे" असं वाक्य आलं, तर त्याला पान क्रमांक जोडता येतो का ते बघा. येत नसेल तर ते वाक्य काढून टाका.