जाम झालेली ब्रेक डिस्क

मोटारीच्या चाकामागची ब्रेकची चकती, म्हणजे डिस्क, गंजामुळे, चाक ज्यावर बसते त्या हबला घट्ट धरून बसणे. डिस्क बहुधा बिडाची असते आणि हब पोलादाचा. हबचा मधला गोल उंचवटा डिस्कच्या भोकात जेमतेम बसतो. त्या फटीत पाणी मुरले की गंज धरतो, फुगतो आणि दोन्ही भाग एकमेकांत आवळतो.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस बडोद्यात विश्वामित्री नदीच्या पुरात शहरातल्या कित्येक मोटारी बुडाल्या. अशा गाडीचे इंजिन आणि वायरिंग आधी पाहिले जाते. हब मात्र राहून जातो. ब्रेकचे पॅड बदलायला डिस्क काढावी लागत नाही, त्यामुळे हा गंज वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस पडत नाही.

घरी काम करताना जमीन सपाट हवी, बाकीच्या चाकांना अडण हवी आणि गाडी स्टँडवर टेकलेली हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नये. पॅड धरणारा कॅलिपर सोडवून तारेने टांगावा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये. मागच्या डिस्कच्या पोटात हँडब्रेकचे शू असतील तर हँडब्रेक सोडून शूही सैल करावे लागतात. काही गाड्यांत डिस्क छोट्या स्क्रूने धरलेली असते. तो राहिला तर सगळी ताकद वाया जाते.

गंज मधल्या कड्याशी असतो, म्हणून तेलही तिथेच सोडायचे आणि मुरू द्यायचे. बऱ्याच डिस्कना दोन आट्यांची भोके असतात, अनेकदा ८ मिलिमीटर बोल्टची. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळले की डिस्क सरळ बाहेर ढकलली जाते. एकच बोल्ट रेटला तर ती तिरकी होऊन आणखी अडकते. भोके नसतील तर चाकाच्या बोल्टांमधल्या भागावर, डिस्क फिरवत, हातोड्याचे ठोके द्यावेत. तीच डिस्क पुन्हा वापरायची असेल तर पॅड घासतात त्या पृष्ठभागाला हातोडा लागता कामा नये. टॉर्चची आच देणे घातकच: बेअरिंगचे ग्रीस वितळते, एबीएसचा सेन्सर जळतो.

डिस्क निघाल्यावर घाई करू नये. हबच्या तोंडावर गंजाची खपली उरली तर नवी डिस्कही किंचित वाकडी बसते आणि ब्रेक दाबताच पॅडल थरथरते. तारेच्या ब्रशने हब लख्ख घासावा. जुनीच डिस्क बसवायची असल्यास तिच्यावर कोरलेली किमान जाडी तपासावी. शेवटी तेलाचा माग ब्रेक क्लीनरने पुसावा, आणि गाडी हलवण्याआधी पॅडल कडक लागेपर्यंत दाबत राहावे.