काचेवरील वाफ (मोटारीतील)

मोटारीच्या काचेवर हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब जमून काच धूसर होणे. बोलीभाषेत याला ‘काचेवर वाफ धरणे’ किंवा ‘फॉग येणे’ म्हणतात. हिवाळ्यातील पहाटे ही वाफ बहुधा काचेच्या आतून धरते. पावसाळ्यात आतून धरते तशी बाहेरूनही धरते. ती घालवण्यासाठी एसी, हीटर, ब्लोअर आणि हवेची दिशा बदलणारी बटणे एकत्र वापरावी लागतात. एसी फक्त गारव्यासाठी असतो या समजुतीने पुष्कळ चालक थंडीत त्याला हातही लावत नाहीत आणि काच कोरडी करणारे सर्वांत प्रभावी साधनच बंद ठेवतात.

कारण : हवेत बाष्प किती मावेल हे तिच्या तापमानावर अवलंबून असते. एका घनमीटर हवेत 30 अंश सेल्सियसला सुमारे 30 ग्रॅम बाष्प मावते, 20 अंशांना सुमारे 17 ग्रॅम, 10 अंशांना साडेनऊच्या आतबाहेर आणि शून्य अंशाला जेमतेम 5 ग्रॅम. ज्या तापमानाला हवेतील बाष्प तिच्यात मावेनासे होते त्याला दवबिंदू म्हणतात. काच या तापमानाहून थंड असेल तर तिला लागून असलेल्या हवेतील जादा बाष्प काचेवर थेंबांच्या रूपाने उतरते. पाण्याचा अखंड पापुद्रा पारदर्शक असतो, पण हजारो सुटे थेंब प्रकाश चहूकडे विखुरतात. म्हणूनच समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे अशा काचेवर पसरून संपूर्ण रस्ता झाकून टाकतात.

डिसेंबर-जानेवारीत निफाड, नाशिक परिसरात पारा दहा अंशांच्या बराच खाली जातो. अशा पहाटे चौघे जण काचा बंद करून निघाले, तर काय घडते ते पाहण्यासारखे आहे. श्वास आणि त्वचा यांवाटे एका माणसाच्या शरीरातून तासाला साधारण 40 ग्रॅम पाणी बाहेर पडते. चौघांचे 160 ग्रॅम झाले. छोट्या मोटारीच्या आतील जागा तीनेक घनमीटर धरली, तर गारठलेल्या काचेच्या तापमानाला तेवढ्या हवेत 25 ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. म्हणजे पाच-दहा मिनिटांत हवा तुडुंब भरते आणि पुढचे सारे पाणी काचेवर येते. त्यात ओले पायपुसणे, दव पडलेल्या गवतातून आलेले बूट किंवा मागच्या सीटवर टाकलेली ओली छत्री असेल, तर वाफ त्याहूनही लवकर धरते.

एसीचे काम : एसीचा जन्मच मुळी हवा कोरडी ठेवण्याच्या गरजेतून झाला. 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत-आकसत असे आणि रंगीत छपाईतील रंग एकमेकांवर नीट बसत नसत. तो दमटपणा आटोक्यात आणण्यासाठी विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने जी यंत्रणा आखली, तिला आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात मानतात. मोटारीत कारखान्यातूनच बसवलेला एसी पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने 1940 च्या मॉडेलात आणला. आज एसीच्या बटणावर अनेकदा हिमकणाचे चित्र असते. माझ्या मते थंडीत चालकाचा हात मागे खेचणारे कारण हे चित्रच आहे, कारण त्यातून फक्त गारवा सूचित होतो.

प्रत्यक्षात बटण दाबल्यावर कॉम्प्रेसर सुरू होतो आणि डॅशबोर्डच्या आत असलेली कूलिंग कॉइल शून्याच्या थोड्याच वर, दोन ते पाच अंशांपर्यंत थंड होते. ब्लोअरची हवा या कॉइलमधून जाताना तिच्यातील बाष्प कॉइलवर पाणी होऊन साचते आणि नळीवाटे गाडीखाली ठिबकते. कॉइलपलीकडे हीटर असतो. इंजिन थंड ठेवणारा कूलंट 80-90 अंशांपर्यंत तापलेला असतो, तोच हीटरच्या जाळीतून फिरवलेला असतो. तापमानाची कळ फिरवली की आतली एक झडप सरकते आणि कॉइलवरून आलेली हवा हीटरवरून किती जायची ते ठरते. त्यामुळे एसी आणि हीटर एकाच वेळी चालू ठेवणे हा विरोधाभास नाही. यंत्रणेची रचनाच तशी आहे. कॉइलवर तीन अंशांपर्यंत थंड झालेल्या हवेत घनमीटरमागे सहा ग्रॅम बाष्प उरते. तीच हवा 40 अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता 12 टक्क्यांच्या आसपास येते. अशी कोरडी, उबदार हवा काचेवर आली की काचही तापते आणि थेंबही उडून जातात.

वापर : पुढच्या काचेच्या बटणावर वक्र काच आणि वर जाणारे तीन नागमोडी बाण असतात, मागच्या काचेच्या बटणावर आयताकृती काच आणि तसेच बाण. ही चिन्हे आयएसओ 2575 या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली असल्याने गाडी कोणत्याही कंपनीची असो, ती जवळपास सारखीच दिसतात. पुढच्या काचेचे बटण दाबताच अनेक गाड्यांत एसी आपोआप सुरू होतो आणि बाहेरची हवा आत येऊ लागते. तसे होत नसेल तर ही कामे स्वतः करावीत : एसी चालू, तापमान वर, ब्लोअर मोठा, हवेचा रोख काचेकडे. इंजिन गार असताना पहिली काही मिनिटे हीटर थंडच हवा देतो, पण एसीचे बाष्प शोषणे तेवढ्यातच सुरू झालेले असते. काच स्वच्छ झाल्यावर ब्लोअर कमी करावा. ‘ऑटो’ असलेल्या काही गाड्यांत आरशामागचे संवेदक काचेजवळची आर्द्रता मोजून हेच काम करतात.

गाडीच्या चित्रात वळलेला बाण असलेले बटण आतलीच हवा पुन्हा फिरवते. धूळ, ट्रकचा धूर किंवा मे महिन्यातील उकाडा यांसाठी ते उपयोगी असले, तरी हिवाळ्यात काच धूसर होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण तेच असते; बरेचदा ते उन्हाळ्यापासून तसेच चालू राहिलेले असते. आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडही वाढत जातो आणि लांबच्या प्रवासात चालकाला झापड येते. थंडीत बाहेरची हवा घेणेच हितावह.

एक चूक विशेष टाळण्यासारखी आहे. काच निवळली म्हणून चालत्या गाडीत एसी बंद केला आणि ब्लोअर सुरूच राहिला, तर कॉइलवर साचलेले पाणी पुन्हा हवेत मिसळते आणि मिनिट-दोन मिनिटांत काच अचानक पांढरी होते. घाटाच्या वळणावर हे घडले तर चालकाच्या हाती काही उरत नाही. रात्री दमट हवेत गाडी चालवायची असेल, तर एसी सलग चालू ठेवावा.

पावसाळा : कोकणात किंवा आंबोली, ताम्हिणी, माळशेज या घाटांत जुलैमध्ये हिशेब बदलतो. बाहेरची हवाच बाष्पाने जड असते. 27 अंशांच्या अशा हवेत घनमीटरमागे 20 ग्रॅमहून जास्त बाष्प असते. खिडकी किंचित उघडणे, हा हिवाळ्यातला उपाय तेव्हा फारसा कामी येत नाही, एसीच लागतो. पण एसी फार गार ठेवून झोत काचेवर सोडला, तर काच बाहेरच्या हवेच्या दवबिंदूखाली जाते आणि वाफ बाहेरून धरते. ओळख सोपी आहे : वायपर एकदा फिरवावा. त्याने काच निवळली तर वाफ बाहेरची. मग तापमान वाढवून झोत काचेवरून हटवायचा. वाफ आतली असेल तर एसी चालू ठेवून झोत काचेकडेच ठेवायचा. हा फरक न ओळखल्याने चुकीची कळ फिरवून वाफ वाढवणारे चालक दर पावसाळ्यात दिसतात.

वायपर नादुरुस्त असलेल्या ट्रकच्या काचेवर बाहेरून तंबाखू चोळण्याची रीत जुन्या चालकांत होती. थेंब सुटे न राहता पाणी पसरावे, हे तिच्यामागचे तत्त्व. साबणाचा पातळ थरही तेच करतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकांची केबिन वातानुकूलित असणे भारतात बंधनकारक झाले आहे. उष्म्याने थकणाऱ्या चालकांसाठी केलेल्या या नियमाने पावसाळी रात्रीची काचही कोरडी ठेवता येईल, हे त्याचे मोठेच मोल आहे.

मागची काच : तिच्यावरच्या तांबूस आडव्या रेषा म्हणजे विजेने तापणाऱ्या तारा. जास्त वीज खात असल्याने बहुतेक गाड्यांत हे बटण काही मिनिटांनी आपोआप बंद होते. काच पुसताना फडके रेषांच्या दिशेनेच फिरवावे. खरवडल्याने एक रेषा तुटली तरी तेवढा पट्टा धूसर राहतो.

गोठवणारी थंडी : महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी काही पहाटे गाड्यांच्या टपावर दवाचे हिमकण दिसतात, पण महाराष्ट्राला याचा अनुभव क्वचितच. कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग किंवा इंग्लंड येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र काचेवरचे बर्फ खरवडणे हिवाळ्यात नेहमीचे असते. उणे तापमानात कॉम्प्रेसर सहसा चालतच नाही, पण त्याची गरजही नसते : उणे दहा अंशांच्या हवेत घनमीटरमागे दोन-सव्वादोन ग्रॅमच बाष्प मावते आणि ती तापवली की अतिशय कोरडी होते. अमेरिकेत 1968 पासून पुढच्या काचेवरील वाफ व हिम घालवण्याची यंत्रणा नव्या मोटारींत असणे सक्तीचे आहे. ब्रिटनच्या हायवे कोडनुसार निघण्यापूर्वी सर्व काचांवरचे बर्फ काढावे लागते. गोठलेल्या काचेवर उकळते पाणी ओतू नये, काच तडकते.

देखभाल : आतून काचेवर धूळ, धूर आणि प्लॅस्टिकमधून सुटणाऱ्या द्रव्यांचा चिकट थर बसतो व त्यावर वाफ लवकर धरते. पंधरवड्यातून एकदा कोरड्या, स्वच्छ कापडाने काच पुसावी. हाताने पुसल्यास तेलकट पट्टे राहतात. एसी फिल्टर तुंबला की झोत मंदावतो. गार हवाच येईनाशी झाली असेल, तर गॅस कमी झाला आहे असे समजून तपासणी करावी, कारण तेव्हा काचही कोरडी होणार नाही. पुढच्या सीटखालचा गालिचा ओला राहत असेल तर पाणी वाहून नेणारी नळी तुंबलेली असू शकते. काचेवर गोडसर वासाचा तेलकट थर येत असेल तर हीटरमधून कूलंट गळतो आहे.

विजेच्या मोटारीत इंजिनाची फुकटची उष्णता नसल्याने हीटर बॅटरीवर चालतो व एका चार्जिंगमध्ये कापता येणारे अंतर घटते. एसीनेच हवा कोरडी करून तापमान माफक ठेवणे अशा गाडीला परवडते.

काच निवळण्याची वाट पाहताना बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. मोकळ्यावर गाडी उभी करावी, एसी आणि हीटर दोन्ही सुरू करावेत, आणि काचेच्या चारही कोपऱ्यांतून रस्ता दिसू लागेपर्यंत गाडी जागची हलवू नये.