दाढेच्या सुईचा इतिहास

दाढ काढण्यापूर्वी हिरडीत टोचली जाणारी सुई आज रुग्ण बहुधा निर्धास्तपणे सोसतो. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखविला. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी तेच द्रव्य जबड्याच्या मज्जातंतूपाशी टोचले. प्रयोग त्यांनी स्वतःवर व सहकाऱ्यांवर केले. पुढे त्यांना कोकेनचे व्यसन जडले, मागाहून मॉर्फिनचेही. एवढ्या कुशल हातांची ही दैना!

१९०५ मध्ये जर्मनीत आइनहॉर्न यांचे नोव्होकेन आले. त्याचे व्यसन लागत नसे, परंतु काहींना ते सोसत नसे. ब्राउन यांनी त्यात अ‍ॅड्रेनलिन मिसळले. त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावून औषध जागीच टिके. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लोफग्रेन यांनी लिडोकेन तयार केले. त्याचे वावडे क्वचितच आढळते. तरीही सुई रक्तवाहिनीत शिरली नाही ना, हे पाहण्यासाठी दंतवैद्य आधी पिचकारीचा दट्ट्या किंचित मागे ओढतो.