तोडणाऱ्या प्रतिपिंडांची कुळकथा

मे २०२०. पाचोरा-जामनेर ‘पीजे’ रेल्वे बंद, बाजार बंद, आणि जळगाव जिल्ह्यात रक्ताचे नमुने घेणारी पथकं फिरत होती. आयसीएमआरच्या पहिल्या सेरोसर्व्हेत देशातले ७० जिल्हे होते. महाराष्ट्रातल्या सहांपैकी जळगाव एक. करोना होऊन गेल्याची खूण, म्हणजे प्रतिपिंडं, किती जणांच्या रक्तात आहेत ते शोधायचं होतं. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने ‘कोविड कवच’ हा एलायझा संच तयार केला होता.

त्यात बारीक खळग्यांच्या तळाशी निष्क्रिय केलेला विषाणू चिकटवलेला असतो. रक्तातलं प्रतिपिंड त्याला धरून बसतं. मग दुसरं प्रतिपिंड सोडतात, त्याला विकर म्हणजे एन्झाइम जोडलेलं असतं. ते रंग आणतं. १९७१ मध्ये स्टॉकहोमला एंग्वाल आणि पर्लमान यांनी ही पद्धत मांडली. धरायचं ते प्रतिपिंडाने, रासायनिक काम करायचं ते विकराने, अशी वाटणी तिच्यात गृहीत आहे.

ही वाटणी पक्की नाही, अशी शंका त्याआधीच येऊन गेली होती. रेणू तुटताना क्षणभर एका ताणलेल्या आकारातून जातो. विकर नेमका तोच आकार घट्ट धरतं, असं लायनस पॉलिंग १९४० च्या दशकात सांगत होते. १९६९ मध्ये विल्यम जेंक्स यांनी पुढची पायरी सुचवली: त्या आकाराची टिकाऊ नक्कल प्राण्याला टोचा, तिच्यावर बेतलेलं प्रतिपिंड तयार होईल आणि तेच विकरासारखं वागेल. जिनिंगच्या यंत्रासारखं, सरकी वेगळी झाली तरी यंत्र शाबूत, पुढच्या कापसाला तयार.

एकाच साच्याची प्रतिपिंडं हवी तेवढी काढायची युक्ती केलर आणि मिलस्टाइन यांना १९७५ मध्ये सापडली, तेव्हा कुठे हे करून बघता येऊ लागलं. १९८६ मध्ये रिचर्ड लर्नर आणि पीटर शुल्ट्झ यांच्या गटांनी, स्वतंत्रपणे, अशी प्रतिपिंडं दाखवली. नाव पडलं ‘ॲबझाइम’. गाजावाजा खूप झाला, पण खऱ्या विकरांच्या मानाने बहुतेक ॲबझाइम फारच संथ निघाली.

माझ्या मते खरं वळण १९८९ चं. सुधीर पॉल आणि सहकाऱ्यांना माणसाच्याच रक्तात, कोणी काही टोचलेलं नसताना, असं प्रतिपिंड आढळलं. श्वासनलिका सैल करणारं व्हीआयपी नावाचं २८ अमिनो आम्लांचं पेप्टाइड ते तोडत होतं. म्हणजे ही करामत शरीराला आधीपासून येत होती, आणि ती नेहमी आपल्या भल्याचीच असेल असंही नाही.

करोनामुळे या कुळाला नवी शाखा फुटली. विषाणूचा काटा आपल्या पेशींवरच्या एसीई२ ला चिकटतो, आणि एसीई२ हे स्वतःच रक्तदाब वाढवणारं अँजिओटेन्सिन-२ तोडणारं विकर आहे. काट्यावर नेमकं बसणारं प्रतिपिंड एसीई२ सारखं दिसलं, तर ते तसंच वागेल का? २०२४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटाने काही रुग्णांत, सगळ्यांत नव्हे, तशी प्रतिपिंडं नोंदवली. करोनानंतर काहींचा रक्तदाब का बिघडतो, याचा एक धागा इथे असेल असा त्यांचा कयास आहे. तो अजून सिद्ध झालेला नाही.